शर्यत सुरू होते ती काशिमिऱ्यालाच

ड्रॅग रेस हा मोटारशर्यतींतला सर्वांत आटोपशीर प्रकार. दोन गाड्या, सरळ धावपट्टी, पाव मैल म्हणजे साधारण ४०२ मीटर अंतर आणि दहा-पंधरा सेकंदांत निकाल. पण एवढ्याशा वेळासाठी मीरा-भाईंदरच्या एखाद्या संघाला लोणावळ्यापलीकडे, ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरत आली त्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर जायचं, तर काशिमिऱ्याहून घोडबंदर रस्ता, ठाणे, पनवेल आणि बोरघाट असा शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो, आणि तेवढाच परत. धावपट्टीवर उतरण्याआधी हेल्मेट, सीटबेल्ट, टायर, तेलगळती सगळं तपासलं जातं. परतीच्या वाटेवर कोणीच काही तपासत नाही. संघाचा घात व्हायचा तर तो बहुधा इथे होतो, म्हणून हा प्रवास शर्यतीचाच भाग धरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मोटारसायकलचंच घ्या. बरीच मुलं ज्या गाडीवर शर्यत लावतात तीच चालवत घरी येतात. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्यामुळे त्यांना जुन्या महामार्गानं, ट्रक-टेम्पोंच्या गर्दीतून घाट उतरावा लागतो. सुटताना पकड मिळावी म्हणून मागच्या टायरमधली हवा कमी केलेली असते, पुढचं चाक उचललं जाऊ नये म्हणून पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर पट्ट्यानं खाली बांधलेले असतात, वजन वाचवायला आरसे काढून ठेवलेले असतात. सरळ, सपाट धावपट्टीवर हे सगळं उपयोगाचं आहे. पण हवा न भरता, पट्टा न सोडता तीच गाडी घाटात घातली, तर वळणावर टायर दबतो आणि खड्ड्याचा दणका थेट हँडलवर येतो. मागून कंटेनर येतोय हे दाखवायला आरसाही नसतो. हवा भरायला पाच मिनिटं पुरतात, पण बक्षीस घेऊन घाईत निघालेल्यांच्या नेमकं तेच लक्षात राहत नाही.

त्यात जागरण. पहाटे चारला उठलेला माणूस रात्री नऊला स्टिअरिंगवर बसतो, तेव्हा तो सतरा तास जागा असतो. इतक्या जागरणानंतर हात आणि नजरेचा मेळ किती बिघडतो, हे संशोधकांनी १९९७ मध्ये मोजलं. तो रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना बिघडतो तेवढा बिघडलेला होता. आपल्या कायद्यातली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभरही न पिता हा चालक त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो.

यावर शर्यतवाले म्हणतात, आमचा हात बसलेला आहे, आम्ही इतरांपेक्षा सुरक्षित चालवतो. हाताबद्दल वाद नाही. पण धावपट्टीवर समोरून कोणी येत नाही, मध्ये गुरं बसत नाहीत, आणि मागच्या सीटवर थकून झोपलेले मित्रही नसतात. चांगली गाडीही त्या मित्रांना वाचवेलच असं नाही. काशिमिऱ्यावरून जाणाऱ्या याच अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी मर्सिडीझ होती. पुढचे दोघे जखमी होऊनही वाचले, मागचे दोघे दगावले. त्या दोघांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्या एका वर्षात देशभरात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली, आणि त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त राष्ट्रीय महामार्गांवर.

उपाय म्हणजे गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून न्यायची आणि रात्री तिथेच मुक्काम करायचा. त्यावरची खर्चाची तक्रार मात्र खरी आहे. गॅरेजमधून उभ्या राहिलेल्या संघाला फ्लॅटबेडचं भाडं आणि लॉजचा मुक्काम परवडत नाही. म्हणून हा भार आयोजकांनी उचलावा. प्रवेशशुल्कातच रात्रीच्या मुक्कामाची सोय धरावी, आणि आत येताना गाडी तपासतात तशी बाहेर पडतानाही तपासावी. हवा भरलेली नसेल तर फाटक उघडू नये.

मग हा खेळच बंद का करू नये? कारण बंदीनं तो थांबत नाही, रस्त्यावर येतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, तरी रात्री रिकाम्या महामार्गावर शर्यती लागतातच. अमेरिकेत वॅली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ काढली ती मुलांना रस्त्यावरून धावपट्टीवर आणण्यासाठीच. १९५४ मध्ये त्यांची छोटी तुकडी स्टेशन वॅगनला ट्रेलर जोडून गावोगाव फिरली आणि शर्यत सुरक्षित कशी भरवायची ते शिकवत गेली. तिचा म्होरक्या पोलिसातून आलेला होता. पुढच्या वर्षी कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड गावी पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. दुरून गाड्या ओढत लोक आले आणि पावसानं स्पर्धा अर्धवट राहिली. इतक्या लांब आलोच आहोत तर ओल्या पट्टीवरच उरकून टाकू, असं आयोजकांनी केलं नाही. सगळे आपापल्या गाड्या घेऊन परत गेले, आणि उरलेल्या फेऱ्या नोव्हेंबरमध्ये, हजार किलोमीटरहून दूर अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सजवळच्या कोरड्या पट्टीवर झाल्या.