सुंभ जळेल, पीळ सुटणार नाही

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो, आणि बहुधा टोमणा म्हणूनच. पण पृथ्वीवर असेही काही जीव आहेत ज्यांच्यासाठी पीळ टिकणे ही जगण्याची अट आहे. ज्या पाण्यात आपण अंडी उकडतो, तेवढ्या गरम पाण्यात ते जन्मतात, वाढतात आणि वंश चालवतात.

पाणी उकळून प्या, असे घरोघरी सांगितले जाते. विषमज्वराचे, कॉलऱ्याचे जंतू उकळीत मरतात म्हणून. अंड्याचा पांढरा भाग ६० अंशांच्या पुढे घट्ट होऊ लागतो, तसेच काहीसे या जंतूंच्या आतल्या प्रथिनांचे होते. त्यामुळे फार गरम पाण्यात काही जगत असेल असे शास्त्रज्ञांनाही बराच काळ वाटत नव्हते. १९६०च्या दशकात अमेरिकेतील थॉमस ब्रॉक यलोस्टोनच्या उन्हाळ्यांवर, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवर, अभ्यासासाठी जाऊ लागले आणि हा समज मोडला. त्यांना तेथे सापडलेल्या एका जंतूचे एन्झाइम पुढे पीसीआर तपासणीचा पाया ठरले. कोरोनाच्या काळात आपल्या नाकात काडी घालून जी तपासणी झाली, तिची मुळे त्या झऱ्यात आहेत. ती गोष्ट बरीच सांगितली गेली आहे. इथे सांगायची आहे ती ब्रॉक यांनाच सापडलेल्या दुसऱ्या एका जिवाची. त्याचे नाव सल्फोलोबस. ७५ ते ८० अंश तापलेले आणि लिंबाच्या रसाइतके आंबट पाणी त्याला मानवते.

आधी पिळाबद्दल. डीएनए म्हणजे एकमेकांभोवती वळलेले दोन धागे, हे शाळेतली मुलेही सांगतात. साधारण साडेदहा अक्षरांमागे एक वेढा. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या असतात, म्हणजे चार लाखांहून अधिक वेढे. हा धागा सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल आणि तो जंतू स्वतः असतो मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा. एवढ्याशा डबीत एवढा धागा गुंता न होता राहतो, वर त्याची नक्कलही निघते, साधारण ४० मिनिटांत. नक्कल काढायची तर दोन्ही धागे वेगळे करावे लागतात.

घरात मुले असतील तर त्यांच्याबरोबर एक प्रयोग करून पाहा. दोन पदरी सुतळीचे एक टोक खिळ्याला घट्ट बांधा. मोकळ्या टोकाकडून दोन पदरांमध्ये पेन्सिल घाला आणि ती खिळ्याकडे सरकवत न्या. पुढचा पीळ आवळत जातो, सुतळीला गाठीसारख्या वळ्या पडतात आणि शेवटी पेन्सिल अडते. पेशीत नक्कल काढणाऱ्या यंत्रणेपुढे हीच अडचण असते. चाळीस मिनिटांत चार लाख वेढे, म्हणजे मिनिटाला दहा हजार वेढे उलगडायचे. सुतळीच्या बाबतीत आपण टोक सोडून पीळ मोकळा करू. ई. कोलायचा डीएनए तर कड्यासारखा बंद असतो, त्याला टोकच नाही.

यावर उपाय एकच. धागा कापायचा, पीळ काढायचा आणि पुन्हा बिनचूक जोडायचा. हे काम करणारे पहिले एन्झाइम जेम्स वांग यांनी १९७१ साली दाखवले. या कुळाला टोपोआयसोमरेज म्हणतात. १९७६ साली अमेरिकेतच मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांना त्यातले गायरेज सापडले. ते साठलेला पीळ तर काढतेच, शिवाय पेशीचे इंधन खर्च करून डीएनएला उलट दिशेचा पीळ भरते. उलट्या पिळामुळे धागे थोडे सैल राहतात आणि गरज पडेल तेथे चटकन उघडतात. ३७ अंशांवर जगणाऱ्या जंतूला ही सैलाई हवीच असते.

पण उकळत्या पाण्यात? तेथे उष्णताच धाग्यांना एकमेकांपासून सोडवायला टपलेली असते. तेथे सैलाई नको, आवळणे हवे. १९८४ साली जपानमधील किकुची आणि असाई यांनी सल्फोलोबसमधून नेमके तसे एन्झाइम वेगळे केले. गायरेज सैल करते, हे आवळते. म्हणून नाव पडले रिव्हर्स गायरेज. पुढे त्याची घडणही कळली. धागे उकलणाऱ्या एन्झाइमसारखा एक भाग आणि पीळ सांभाळणाऱ्या एन्झाइमचा दुसरा भाग, असे दोन तुकडे एकत्र शिवल्यासारखे ते आहे.

नंतर एकेका जिवाचा सगळा डीएनए वाचून काढणे शक्य झाले. तेव्हा ८० अंशांच्या वर सुखाने वाढणाऱ्या जिवांमध्ये हे एन्झाइम सापडत गेले आणि आपल्यासारख्या कोमट जगात राहणाऱ्यांत ते नव्हते. फ्रान्सचे पॅट्रिक फोर्तेर यांनी २००२ साली असे दाखवले की, फार उष्ण जगात राहणाऱ्यांचीच म्हणता येईल अशी खूण शोधली तर ती हे एकच प्रथिन आहे. यातून त्यांनी काढलेला एक तर्क मला फार आवडतो. हे एन्झाइम दोन तुकड्यांचे बनले आहे, तर ते तुकडे आधी स्वतंत्रपणे कोठेतरी नांदत असणार, आणि तेही इतक्या उष्णतेत नव्हे. मग जीवसृष्टीची सुरुवात उकळत्या पाण्यात झाली, हे म्हणणे कसे टिकणार?

इथपर्यंत गोष्ट छान जुळते. उष्णता सैल करते, एन्झाइम आवळते. पुष्कळ पुस्तके इथेच थांबतात आणि ते बरोबर नाही. कारण टोके नसलेल्या, अखंड कड्यासारख्या डीएनएचे धागे मुळात सुटे होऊच शकत नाहीत. १०७ अंशांपर्यंत तापवूनही असे कडे टिकते, हे फोर्तेर यांच्याच प्रयोगशाळेने १९९४ साली दाखवले होते. शिवाय थर्मोटोगा नावाच्या उष्णताप्रेमी जंतूत गायरेज आणि रिव्हर्स गायरेज दोन्ही आहेत आणि त्याच्यातील लहान डीएनए कड्यांचा पीळ चक्क सैल बाजूचा निघाला. मग हे एन्झाइम तेथे करते काय?

याचा उलगडा करायचा सरळ मार्ग म्हणजे ते काढून टाकून पाहणे. जपानमध्ये २००४ साली थर्मोकोकस या जिवातून त्याचे जनुक काढले गेले. जीव मेला नाही. ८० अंशांपासून पुढे त्याची वाढ मंदावत गेली, ९० अंशांवरही तो कसाबसा वाढला, पण ९३ वर थांबला. म्हणजे हे एन्झाइम नसले तरी उष्णतेत जगता येते, फक्त एका हद्दीपर्यंत. इटलीतील वल्कानो बेटाजवळ सापडलेला पायरोकोकस एरवी १०० अंशांवर मजेत असतो. त्याच्यावरचा असाच प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि एन्झाइमवाचून तो ९५ अंशांवर वाढू शकला नाही.

माझ्या मते सर्वात बोलके काम २००४ सालचेच आणखी एक आहे. भट्टीसारख्या तापमानात डीएनएला खरा धोका असतो तो धागा झिजून तुटण्याचा. अक्षरे गळतात, जागोजागी चिरा पडतात. रिव्हर्स गायरेज अशा चिरेवर जाऊन बसते आणि तुटलेली टोके धरून ठेवते, असे प्रयोगात दिसले. पीळ भरण्यासाठी लागणारे इंधन दिले नाही तरीही ते हे काम करत होते. जुन्या बाजेची सुतळी तुटू लागली की पुढची वीण उसवू नये म्हणून आपण तेवढ्या जागी बोट दाबून धरतो, तसे.

उकळत्या झऱ्यातील या एन्झाइमशी आपला रोजचा संबंध नाही. त्याच्या भाऊबंदांशी मात्र आहे, तोही औषधाच्या पाकिटातून. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही नावे बहुतेक घरांना माहीत असतात. ही औषधे जंतूच्या गायरेजला नेमक्या वेळी पकडतात. त्याने धागा कापलेला असतो आणि जोडायचा राहिलेला असतो. औषध ते जोडू देत नाही. आपल्या पेशींत हे जंतूंचे गायरेज नसते, म्हणून वार मुख्यतः जंतूवर पडतो. आपल्या पेशींतील याच कुळाच्या एका एन्झाइमला अडवणारी कर्करोगावरील औषधे कॅम्पटोथेसिन या द्रव्यापासून बनतात, आणि ते द्रव्य सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडातही आहे. त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली.

क्षयाच्या जंतूची गोष्ट आणखी नाजूक. त्याच्याकडे या कुळातली एन्झाइमे मोजकीच. इतर बऱ्याच जंतूंत गायरेजच्या जोडीला तशाच कामाचे दुसरे एन्झाइम असते, क्षयाच्या जंतूत ते नाही. म्हणून नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्यावर मोठी भिस्त असते. हीच गोळी कोणी साध्या खोकल्यासाठी म्हणून दुकानातून आणून चार-पाच दिवस घेतली, तर आत लपलेला क्षय थोडा दबतो, बरे वाटते आणि निदान लांबते. दरम्यान गायरेजच्या जनुकात एखाद्या अक्षराचा फरक असलेले जंतू तेवढे वाचतात आणि वाढतात. त्यांच्यावर मग ही गोळी चालत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. नेहमीची औषधे लागू पडत नाहीत असे दिसले, तर त्याच थुंकीतल्या जंतूच्या गायरेजचे जनुक प्रयोगशाळेत एका पट्टीवर तपासले जाते, आणि कोणती गोळी लिहायची ते त्या पट्टीवर उमटलेल्या रेघांवरून ठरते.