पवनचक्कीचा शेअर आणि व्यापाऱ्याची खतावणी

साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्याने वर चाळकेवाडीच्या पठारावर गेले की पवनचक्क्यांची रांगच्या रांग दिसते. पाटण तालुक्यात वनकुसवडेच्या पठारावर, सांगली जिल्ह्यात ढालगावच्या माळावरही त्या आहेत. आपल्या लोकांची ये-जा याच रस्त्यांनी. त्यामुळे विट्याचा यंत्रमागवाला असो की मिरजेचा सतारमेकर, विजेच्या शेअरची गोष्ट निघाली की पहिले नाव सुझलॉनचे निघते. दुकानात थान उलगडता उलगडता गिऱ्हाईक विचारते, "हाजीसाहेब, घ्यावा का?" या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही असे देता येत नाही. म्हणून हा लेख.

ही कंपनी मुळात एका कापडवाल्याची, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तुलसी तांती यांचा सुरतेत कापडाचा धंदा होता. विजेचे बिल नफा खाऊन टाकी. म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या विकत घेतल्या आणि 1995 मध्ये पवनचक्क्यांचीच कंपनी काढली. विजेच्या बिलाने बेजार झालेला यंत्रमागवाला ही गोष्ट चटकन समजेल.

पण आपल्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या केवळ वाऱ्यामुळे नव्हे. पवनचक्की घेणाऱ्या उद्योगपतीला तिच्या किमतीचा मोठा भाग घसारा म्हणून लवकर दाखवून आयकर वाचवता येई. 2012 मध्ये केंद्र सरकारने ही जादा घसाऱ्याची सवलत काढली, 2014 मध्ये परत दिली आणि 2017 पासून तिचा दर निम्म्यावर आणला. म्हणजे या धंद्यातली गिऱ्हाइकी दिल्लीच्या एका कागदाने वाढते आणि एका कागदाने आटते. आपल्या धंद्यात ईदचा हंगाम कधी येणार हे निदान पंचांग पाहून कळते!

आता भावाचा हिशेब पाहा. 2005 मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर 510 रुपयांना लोकांना विकला गेला. 2008 च्या जानेवारीत त्याचे पाच तुकडे झाले, म्हणजे मूळ खरेदी 102 रुपयांना पडली. त्याच महिन्यात भाव चारशेच्या वर गेला. मग उतरण लागली. 2007 मध्ये कंपनीने जर्मनीची रिपॉवर ही कंपनी घ्यायला घेतली, त्यासाठी मोठे कर्ज काढले. अमेरिकेत पात्यांना चिरा गेल्या. 2012 च्या ऑक्टोबरात परदेशी रोख्यांचे सुमारे 20 कोटी डॉलर कंपनी वेळेवर फेडू शकली नाही. 2015 मध्ये तीच जर्मन कंपनी विकावी लागली. 2020 मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास आला. 2022 मध्ये पाच रुपये भावाने राईट्स निघाले. त्याच ऑक्टोबरात तांती साहेबांचे निधन झाले. 2023 मध्ये नवे भांडवल उभारून कर्ज उतरवले गेले आणि 2024 च्या सप्टेंबरात भाव ऐंशीच्या वर गेला.

लोक म्हणतात, दोनाचे ऐंशी झाले. खरे आहे. पण 102 ला घेणारा एकोणीस वर्षांनीही मुद्दलात आला नव्हता. शिवाय 2008 मध्ये सुमारे दीडशे कोटी असलेले शेअर 2024 पर्यंत तेराशे कोटींच्या वर गेले. एका रोटीचे तुकडे वाढले की प्रत्येकाचा घास लहान होतो. भावाच्या आलेखात हे दिसत नाही.

येथे आमचा मुद्दा आहे. शरियतच्या कसोटीवर शेअर पाहताना उलेमा दोन गोष्टी विचारतात: धंदा हलाल आहे का, आणि कंपनी सुदी कर्जावर किती उभी आहे. या कर्जाची मर्यादा कुणी पाव हिस्सा धरतो, कुणी तिसरा हिस्सा. काही भाऊ ही कसोटी केवळ धार्मिक अडचण समजतात. आम्हांला ती व्यापाऱ्याची शहाणपणाची पट्टी वाटते. 2007 ते 2012 चे ताळेबंद या पट्टीने कुणी मोजले असते, तर हवा अंगावर येण्याआधी तो दुकान आवरून बसला असता.

आम्ही स्वतः मोजले नव्हते, हेही लिहिले पाहिजे. एका दलालाच्या शब्दावर विजेच्या एका कंपनीत मुलीच्या निकाहासाठी ठेवलेली रक्कम आम्ही घातली. निम्मीही परत आली नाही. घरात ते सांगायला आम्हांला चार महिने लागले.

वीज तयार करणाऱ्या कंपन्या बहुधा या कसोटीत अडकतात, कारण नियंत्रित दराच्या प्रकल्पात सत्तर टक्के कर्ज आणि तीस टक्के भांडवल हेच प्रमाण धरून दर ठरतो. त्यात वीज मंडळांची उधारी. माल गेला, पैसा महिनोन्महिने नाही. ठोक कापड उधार देणाऱ्याला हे दुखणे नव्याने समजावण्याची गरज नाही. म्हणून ताळेबंदात नफ्याच्या आधी येणे रकमेचा आकडा पाहावा. 2008 च्या जानेवारीत रिलायन्स पॉवरचा शेअर 450 ला विकला गेला, लहान गुंतवणूकदारांना 430 ला. तेव्हा कंपनीचे प्रकल्प बहुतेक कागदावर होते. 11 फेब्रुवारीला, बाजारात आल्या दिवशीच, तो 372 वर बंद झाला.

ज्यांना ताळेबंद वाचायला सवड नाही ते फंडाकडे वळतात. एसबीआय आणि आयसीआयसीआय प्रुडेन्शियल यांचे ऊर्जेचे फंड 2024 मध्ये निघाले. अशा क्षेत्रीय फंडाला ऐंशी टक्के पैसा त्याच क्षेत्रात ठेवावा लागतो. तेल, कोळसा, वीज एकदम पडली तर व्यवस्थापकाला पळायला जागा थोडी. त्यातल्या कंपन्या शरियतच्या गाळणीतून गेलेल्या असतात असेही नाही. ती गाळणी टाटा एथिकल किंवा टॉरस एथिकल फंडात असते, पण तेथे केवळ ऊर्जा मिळत नाही, औषधे आणि संगणकवाल्या कंपन्याही असतात. आम्ही स्वतः आता नेहमीची बचत अशा फंडात ठेवतो आणि ऊर्जेच्या चार-पाच कंपन्यांची फक्त वही ठेवतो. दर तिमाहीला कर्ज, येणी आणि एकूण शेअर लिहून काढतो. सहा तिमाही लिहिल्याशिवाय एकही शेअर घेत नाही.

फ्युचर्स आणि हातात माल न घेता केलेली विक्री आम्ही करत नाही. बहुतेक उलेमांना ती मान्य नाही. घेतलेला शेअर डीमॅटमध्ये जमा झाला की मगच पुढचा विचार. 2023 पासून त्याला एकच दिवस लागतो, तेवढी सबुरी अवघड नाही. लाभांशातला सुदाचा हिस्सा काढून गरिबाला द्यायचा असतो, आणि विकण्यासाठी घेतलेल्या शेअरवर जकात बाजारभावाने निघते. रमजानच्या हिशेबात हे दोन रकाने आमच्या वहीत वेगळे असतात.