अशुभ महिना नेमका कोणता?

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी पडणारी अकरा दिवसांची ही तूट भरून काढण्यासाठी पंचांगात साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना धरतात. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही, तो अधिक मास. ही निव्वळ हिशेबाची सोय, पण तिला ‘मलमास’ म्हटले गेले आणि त्यात लग्न, मुंज, वास्तुशांत वर्ज्य ठरली. ‘दुष्काळात तेरावा महिना’ तो हाच. याच महिन्यात अनारशांचे वाण घेणाऱ्या जावयांची मात्र तक्रार नसते.

रत्नागिरी जिल्ह्यात हा महिना कोणता, यावरच एकमत नाही. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला. त्यांच्या नावाचे पंचांग राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातील झीटा पिशियम या ताऱ्यापासून धरते, तर दाते यांच्यासारखी प्रचलित पंचांगे चित्रा ताऱ्यावरून. दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो, म्हणून टिळक पंचांगात प्रत्येक संक्रांत चारेक दिवस आधी येते. एरवी याने फारसे बिघडत नाही. पण संक्रांत अमावास्येच्या आसपास असली, की अधिक मासच बदलतो.

२०२३ मध्ये तसे झाले. १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा काळ प्रचलित पंचांगांत अधिक श्रावण होता, टिळक पंचांगात मात्र नेहमीचा श्रावण. त्यामुळे टिळक पंचांग पाळणाऱ्या कोकणातील घरांत गणपती २० ऑगस्टला बसले, इतरांकडे १९ सप्टेंबरला. पितृपक्षही तसाच मागेपुढे झाला. एका घरात नवी खरेदी टाळण्याचे दिवस, शेजारी मात्र तेच दिवस नेहमीचे. दिवसांतच अशुभपणा असता, तर तो चार अंशांच्या फरकाने असा सरकला नसता.

आकड्यांचेही तेच. इंग्रज १३ तारखेच्या शुक्रवारला भितो, तर स्पेन आणि ग्रीसमध्ये १३ तारखेचा मंगळवार वाईट. कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये पडले ते मंगळवारीच. इटलीत १७ नकोसा असतो. चीन-जपानमध्ये ४ चा उच्चार ‘मृत्यू’शी जुळतो म्हणून तो टाळतात. भीती एकदा बसली, की त्या दिवशीचा अपघात लक्षात राहतो आणि सुरळीत गेलेले दिवस विसरले जातात.

अमावास्येची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिची तिथी दोन्ही पंचांगांना मान्य आहे. महाराष्ट्रात शुभकार्याला ती टाळतात, लक्ष्मीपूजन मात्र तिच्यावरच करतात. तमिळनाडूत ती नव्या कामाला चांगली मानली जाते. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आल्याने तिच्या सुमारास समुद्राला उधाण येते आणि होडीवाल्याला जपावे लागते, हे खरे. पण तेवढेच उधाण पौर्णिमेलाही येते, आणि पौर्णिमेला कोणी अशुभ म्हणत नाही.