नवी होडी आली!

वसई तालुक्यातल्या निर्मळहून अर्णाळ्याचा किनारा जवळच. तिथे हार घातलेली नवी होडी उभी असली, की अख्खं कुटुंब तिच्याभोवती लग्नघरासारखं वावरतं. कितीतरी वर्षांची बचत त्या लाकडात असते.

डोल जाळ्यासाठी होडी घ्यायची, तर जाळं उपसायला मोकळी जागा आधी बघावी. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं; भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा त्यात लोटतो. किती देखणी युक्ती!

होडीला मत्स्यव्यवसाय विभागाची नोंदणी आणि परवाना हवाच.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्याच दिवसांत डागडुजी, रंगकाम उरकतं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात.