लहान चिन्ह, स्पष्ट ओळख

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. दिंद्रुडसारख्या गावांत अक्षरओळख असलेले मतदार थोडेच. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाणच सुमारे १८ टक्के होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवून तीवर त्याचे चिन्ह चिकटविण्यात आले. पुढे मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि ते चिन्ह एका अरुंद रकान्यात सामावले. आकार घटला, जबाबदारी मात्र तीच राहिली. चिन्ह ओळखू आले नाही, तर मत भलत्याच उमेदवाराच्या पदरात पडण्याचा धोका होता.

निवडणूक आयोगाचे रेखाटनकार एम. एस. सेठी १९९२ मध्ये निवृत्त झाले. त्यांनी पेन्सिलीने रेखाटलेली अनेक चिन्हे त्यानंतरही वापरात राहिली. रोजच्या पाहण्यातील एकच वस्तू, ठळक बाह्यरेषा आणि रंगावाचून पटणारी ओळख, हे अशा चिन्हांचे बळ होय.

आज दिंद्रुडचा शेतकरी सातबारा उतारा मोबाईलवर पाहू शकतो. संकेतस्थळावरील चित्रखुणांनाही हेच नियम लागू पडतात. सर्वांत लहान चित्रखूण बहुधा १६ आडव्या व १६ उभ्या ठिपक्यांची, म्हणजे अवघ्या २५६ ठिपक्यांची असते. मोठे चित्र आक्रसून तेवढे केले, की रेषा दोन ठिपक्यांच्या मध्ये पडते आणि एका काळ्या रेषेऐवजी दोन फिकट रेषा उमटतात. म्हणून लहान आकारासाठी चित्र नव्याने, ठिपक्यांच्या चौकटीत बसवूनच काढावे लागते.

बैलगाडीचेच उदाहरण घेऊ. चाकाचे सर्व आरे दाखविले, तर चाकाच्या जागी काळा डाग दिसेल. दोन-चार आरे, जू आणि साटा एवढ्यावर गाडी ओळखू येते. काय दाखवावे यापेक्षा काय गाळावे, याचा विचार येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

अखेरची कसोटी सोपी आहे. चित्रखूण प्रत्यक्ष आकारात, हातभर अंतरावरून, लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीला दाखवावी. तिने न अडखळता वस्तूचे नाव आणि त्या खुणेचे काम सांगितले, तरच ती खूण वापरावी. शासनाची सेवा गावापर्यंत पोहोचली तरी तिचे दार कोणते हे कळले नाही, तर ती सेवा नागरिकाच्या हाती येत नाही.