स्कोप घेऊ का? रायफलची साइट निवडण्याआधी एवढं ऐका

सांताक्रूझ पूर्वेहून, वाकोल्याच्या घरातून बोलतोय. रेकॉर्डिंगमध्ये मधूनच डोक्यावरून विमान जातं, ते सांभाळून घ्या. वाचणाऱ्यांना तो त्रास नाही, विमानं काढून टाकली आहेत.

आजचा विषय माझ्या मावसभावामुळे सुचला. तो अकरावीत आहे. परवा फोन आला, "दादा, बाबा एअर रायफल घेऊन द्यायला तयार झालेत. पण एकदाच पैसे देणार म्हणाले. स्कोप लावूनच घेऊ ना?"

मी म्हटलं, थांब, काही घेऊ नकोस. कारण हीच चूक मी स्वतः करून बसलोय. पहिल्या नोकरीच्या पगारातून स्प्रिंगची एअर रायफल घेतली आणि तिच्यावर ऐटीत स्कोप चढवला. दहा मीटरवर चित्र धूसर. तीन आठवड्यांत आतली अधिक-चिन्हाची रेघ जागेवरून सरकली. वर जिल्हा स्पर्धेचा फॉर्म भरायला गेलो तेव्हा कळलं की स्कोप चालतच नाही. नियम आधी वाचायला हवे होते, चूक माझीच.

म्हणून आज साइट कशी निवडायची ते बघू. साइट म्हणजे नेम धरायचं साधन. जुन्या मराठीत बंदुकीच्या टोकावरच्या छोट्या उंचवट्याला 'माशी' म्हणायचे, तीच पुढची साइट.

गेममधली विन ९४ आणि खरी विन ९४

बीजीएमआय खेळणाऱ्यांना मिरामार नकाशातली विन ९४ माहीत असेल. तिला सुरुवातीला स्कोप लावताच यायचा नाही. तेव्हा आपण म्हणायचो, काय फालतू गन आहे. पण त्यामागे खरं कारण आहे.

ती बंदूक म्हणजे विंचेस्टर १८९४, जॉन ब्राउनिंग यांची रचना. चापाखालची लोखंडी कडी खाली ओढून परत वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. यालाच लिव्हर-ॲक्शन म्हणतात. मूळ मॉडेलमध्ये रिकामं काडतूस वरच्या बाजूने उडतं. म्हणजे जिथे स्कोप बसवायचा, तिथूनच! १९८०च्या दशकात कंपनीने काडतूस तिरकं उडेल अशी सुधारणा केली. त्याआधी १९४८ मध्ये आलेल्या मार्लिन ३३६ मध्ये ते बाजूने उडायचं आणि वरचा भाग बंद होता, म्हणून तिच्यावर स्कोप सहज बसायचा.

अमेरिकेत अशी रायफल घेऊन हरणाच्या शिकारीला जाणारा माणूस तीन गोष्टी बघतो. काडतूस कुठून उडतं? नेम किती अंतरावर धरायचाय? उजेड किती असेल? दाट झाडीत, शंभर यार्डांच्या आत, पहाटेच्या अंधुक उजेडात बरेच जण मोठ्या भोकाची पीप साइट लावतात. भोक मोठं असलं की उजेड भरपूर येतो आणि नेम पटकन लागतो. मोकळ्या माळावर लांबचं जनावर असेल, तर स्कोप बरा.

म्हणजे "सगळ्यात भारी साइट कुठली?" हा प्रश्नच चुकतो. "कुठल्या कामासाठी?" असं विचारायला हवं.

आपल्याकडे शिकार हा पर्यायच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद केली आणि पुढे १९९१च्या दुरुस्तीने उरलेले परवानेही गेले. तेव्हा सांताक्रूझचा मुलगा रायफल हातात घेणार ती रेंजवर, कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटसमोर. आपलं काम हे आहे, आणि साइट त्याच्यासाठी निवडायची आहे.

एक मिलिमीटरची गोष्ट

हा भाग नीट ऐका, सगळं इथेच आहे.

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला काळा गोल ३०.५ मिमी व्यासाचा असतो. त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका, तो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा स्वतःच ४.५ मिमीचा.

आता साधी ओपन साइट घ्या. डोळ्याजवळ खाच, नळीच्या टोकाला माशी. दोन्हीतलं अंतर समजा ५० सेंटीमीटर. माशी खाचेच्या मध्यापासून फक्त १ मिमी बाजूला गेली, तर दहा मीटरवर छर्रा किती सरकेल? दहा मीटर म्हणजे ५० सेंटीमीटरच्या वीस पट. म्हणून २० मिमी. थेट काळ्या गोलाच्या बाहेर!

आता उलटं बघा. खाच आणि माशी अगदी सरळ रेषेत आहेत, फक्त सगळी रायफल टार्गेटवर १ मिमी बाजूला रोखली गेली. छर्रा किती सरकेल? १ मिमी. बस्स.

फरक लक्षात आला ना? टार्गेटवरची चूक जेवढ्यास तेवढी राहते, साइटमधली चूक वीस पट होते. म्हणूनच कोच पहिल्या दिवसापासून ओरडत असतात, "टार्गेट धूसर दिसू दे, पुढची साइट स्वच्छ दिसली पाहिजे!" आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. खाच, माशी आणि टार्गेट तिन्ही एकदम स्वच्छ दिसणार नाहीत. मग ज्या चुकीचा दंड वीस पट, तिच्यावर नजर ठेवायची.

मला हे कळायला वर्ष गेलं. मी समजत होतो की साइट टार्गेट दाखवण्यासाठी असते. खरं तर ती आपली चूक दाखवण्यासाठी असते. मॉनिटर कितीही मोठा घेतला तरी कोडमधला बग जात नाही, तसंच आहे हे.

तीन पर्याय

पहिला, ओपन साइट. खाच आणि माशी. स्वस्त, दणकट, बहुतेक साध्या एअर रायफलींवर आधीच बसवलेली. शिकायला उत्तम, कारण चूक लपत नाही. शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत ओपन साइटचा वेगळा गटही असतो.

दुसरा, पीप साइट. मागे खाचेऐवजी साधारण एक मिलिमीटरचं गोल भोक, पुढे नळकांड्यात बसवलेली रिंग. भोकातून रिंग दिसते, रिंगच्या आत काळा गोल. गोलात गोल, त्यात गोल. गोल मधोमध बसवणं डोळ्याला आपोआप जमतं, खाचेत माशी मोजत बसावं लागत नाही. लहान भोकामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. चष्मा काढून मुठीच्या फटीतून बघितल्यावर पाटी वाचता येते ना, तेच तत्त्व. शिवाय पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर इथे जास्त असतं. ते ८० सेंटीमीटर धरलं, तर १ मिमीची चूक २० ऐवजी साडेबारा मिलिमीटरची होते.

पुढची रिंग कितीची घ्यायची, यात नवीन मुलं फसतात. त्यांना वाटतं, रिंग जेवढी घट्ट तेवढा नेम पक्का. हिशेब करू. डोळ्यापासून पुढची साइट ९० सेंटीमीटरवर असेल, तर ३०.५ मिमीचा काळा गोल त्या जागी सुमारे पावणेतीन मिमीचा दिसतो. ४ मिमीची रिंग लावली तर चारही बाजूंना अर्ध्या मिमीहून थोडी जास्त पांढरी कड राहते. ३ मिमीची लावली तर कड जवळजवळ गायब. मग हात जरा हलला की गोल रिंगेला चिकटतो, आपण घाबरतो आणि चाप ओढायला उशीर करतो. सुरुवातीला कड स्पष्ट दिसेल अशीच रिंग घ्या.

तिसरा, स्कोप. प्रामाणिकपणे सांगायचं तर स्कोपमध्ये एक मोठा फायदा आहे. रेघ आणि टार्गेट एकाच प्रतलात दिसतात, त्यामुळे खाच-माशीची भानगडच राहत नाही. पण दहा मीटरच्या खेळात तीन अडचणी. एक, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार या रायफलवर दुर्बीण किंवा भिंग चालत नाही. नंबरचा चष्मा डोळ्यावर घालता येतो, काच रायफलवर बसवता येत नाही. दोन, शिकारीचे बरेच स्कोप शंभर यार्डांच्या आसपास जुळवलेले असतात, दहा मीटरवर धूसर दिसणारच. तीन, स्प्रिंगच्या रायफलमध्ये जड पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे ढकलली जाते आणि तो थांबताना पुढे हिसका बसतो. असा दुहेरी धक्का साध्या स्कोपला सोसत नाही. माझा स्कोप याच कारणाने गेला.

आणि स्कोपशिवाय काय होतं, ते आपल्याच माणसांनी दाखवलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, ४५१.४ गुणांसह. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, पन्नास मीटरवर, आणि रायफलवर पीप साइट! ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला, तोही पीप साइटवरच.

पैसे द्यायच्या आधी डोळा तपासा

हे मला कोणी आधी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करा. त्यातून समोरच्या भिंतीवरचा स्विच बघा, दोन्ही डोळे उघडे ठेवून. आता एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना स्विच त्रिकोणातच राहतो, तो तुमचा प्रबळ डोळा.

मी उजव्या हाताचा, पण माझा प्रबळ डोळा डावा! कितीतरी महिने छर्रे बाजूला जात होते आणि मी रायफलला दोष देत होतो. असं असेल तर दोन मार्ग आहेत. अगदी नवीन असाल तर रायफल डाव्या खांद्यावर धरायला शिका. नाहीतर मागच्या साइटला अर्धपारदर्शक पट्टी लावून तो डोळा झाका. डोळा दाबून मिटू नका, उघडा डोळाही ताणला जातो.

चष्मा असेल तर काचेच्या मधल्या भागातून बघता येतंय ना, हे रायफल खांद्याला लावून तपासा. गाल दस्त्यावर टेकला की बऱ्याच जणांची नजर काचेच्या कडेला जाते आणि चित्र बिघडतं.

साइट जुळवायचा नियमही पाठ करा. छर्रा जिकडे न्यायचाय तिकडे मागची साइट हलवायची. पुढची हलवायची असेल तर उलट दिशेला. आणि एका छर्र्यावर कधीच हलवू नका. पाच मारा, पाचही एका जागी पडले तरच क्लिक फिरवा. पाच जागी पडले तर चूक साइटमध्ये नाही, आपल्यात आहे.

कायद्याचं आणि गच्चीचं

२०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंतच्या बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. पोपटावर, मोरावर नेम धरणं हा गुन्हा आहे. कुत्र्या-मांजरांवर छर्रा मारणं म्हणजे क्रूरता, त्यालाही कायदा आहे. आणि सोसायटीची गच्ची म्हणजे रेंज नव्हे. छर्रा भिंतीवरून उसळून परत येतो, डोळा कायमचा जाऊ शकतो. सराव रेंजवरच करायचा. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. आपल्या जवळचा क्लब शोधा, तिथे आधी रायफल वापरायला मिळते का ते विचारा.

भावाला शेवटी एवढंच सांगितलं. काका पैसे एकदाच देणार आहेत, तर ते सहा महिन्यांनी मागू. तोपर्यंत क्लबच्या रायफलवर ओपन साइटने शिक. मग पीपवर जा आणि तुझ्या डोळ्याला, उंचीला काय बसतं ते कोचला विचारून घे. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "दादा, तुझा स्कोप पडलाय ना कपाटात? तो तरी दे." म्हटलं ये घेऊन जा, पण रायफलवर लावू नकोस. तुटका आहे, काय घ्यायचं नाही ते लक्षात राहील.

आजचा गृहपाठ, त्रिकोण करून प्रबळ डोळा शोधा. भेटू पुढच्या भागात!