आभासी यंत्रातील प्रोसेसर-मापन : परफॉर्मन्स काउंटर अतिथी यंत्रास उपलब्ध करून देण्याचा प्रश्न

प्रस्तावना :

महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले आणि शासकीय विभागांची संगणकीय कामे भाड्याच्या सर्व्हरवर नेण्याचा मार्ग मोकळा झाला. तत्पूर्वीच मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई येथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये व गूगलने २०१७ मध्ये मुंबई येथे आपापली क्लाउड केंद्रे सुरू केली होती. त्यामुळे भंडारा जिल्ह्यातील बपेरा या गावचा विद्यार्थीही आज मुंबईतील एखाद्या प्रोसेसरचा हिस्सा तासाच्या दराने घेऊ शकतो. तो पैसे वेळेचे मोजतो. मात्र त्या वेळात प्रोसेसरने प्रत्यक्षात किती काम केले, हे पाहण्याची सोय त्यास असतेच असे नाही. हे असे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

काउंटरचे स्वरूप :

इंटेलच्या १९९३ च्या पेंटियम प्रोसेसरमध्ये ४० बिटांचे दोन काउंटर होते. किती सूचना पूर्ण झाल्या, कॅशमध्ये माहिती किती वेळा सापडली नाही, शाखेचा अंदाज किती वेळा चुकला, अशा घटनांची नोंद हे काउंटर प्रोग्रामचा वेग कमी न करता ठेवतात. पुढे प्रत्येक प्रोसेसरपिढीत घटनांची यादी बदलत गेली. म्हणून इंटेलने चक्रे, सूचना, अखेरच्या कॅशचे वाचन व चुका, शाखा इत्यादी सात घटना सर्व पिढ्यांसाठी समान ठरवून दिल्या. काउंटर भरून वाहू लागला की प्रोसेसर इंटरप्ट देतो, आणि त्या क्षणी कोणती सूचना चालू होती हे नोंदवून प्रोग्राममधील संथ जागा शोधता येते.

या मापनाचे महत्त्व एका साध्या तुलनेने ध्यानात येईल. दोन प्रोग्राम प्रोसेसर ‘९० टक्के व्यग्र’ असल्याचे दाखवितात असे समजा. पहिला दर चक्रास दोन सूचना पूर्ण करतो, दुसरा चार चक्रांत जेमतेम एक. दुसऱ्याचा बहुतेक वेळ मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहण्यात गेलेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि तसे असेल तर अधिक प्रोसेसर भाड्याने घेऊन त्याचा प्रश्न सुटणार नाही. व्यग्रतेचा टक्का हा भेद दाखवीत नाही. काउंटर नसल्यास ग्राहक नेमका तोच निरुपयोगी खर्च वाढवितो, आणि सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या सेवेच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

पुण्यातील सी-डॅकच्या परम मालिकेतील महासंगणकांवर हा पेच सहसा उद्भवत नाही. तेथे संशोधकाचे काम सामान्यतः आभासी यंत्राविना थेट सर्व्हरवर चालते आणि व्यवस्थापकाने अनुमती दिली की काउंटर वाचता येतात. अडचण निर्माण होते ती मध्ये हायपरव्हायजर आल्यावर.

वाटणीतील अडचण :

भंडारा हा धानाचा जिल्हा. राईस मिलमध्ये एकाच यंत्रावर पाळीपाळीने अनेकांचे धान भरडले जाते, पण विजेचा मीटर एकच असतो. प्रत्येक पाळीच्या आरंभी व अखेरीस मीटरचा आकडा टिपला नाही, तर कोणाच्या धानाला किती वीज लागली हे सांगता येणार नाही. प्रोसेसरची स्थिती अशीच आहे. एक अतिथी यंत्र थांबून दुसरे चालू होते, तेव्हा काउंटरमधील आकडे काढून ठेवणे आणि दुसऱ्याचे आकडे पुन्हा भरणे आवश्यक ठरते. शिवाय ही अदलाबदल सेकंदाला हजारो वेळा होऊ शकते.

लिनक्समधील केव्हीएम या हायपरव्हायजरमध्ये अतिथी यंत्रासाठी आभासी काउंटरची सोय २०१२ मध्ये आली. व्हीएमवेअरनेही त्याच वर्षी व्हीस्फिअर ५.१ मध्ये ती दिली. केव्हीएमच्या मूळ रचनेत अतिथीने काउंटरचे रजिस्टर लिहिण्याचा प्रयत्न केला की नियंत्रण हायपरव्हायजरकडे जाते आणि तो यजमान लिनक्सच्या पर्फ या यंत्रणेकडे तशाच काउंटरची मागणी करतो. ही मागणी मान्य होईलच असे नाही. यजमान स्वतःही काउंटर वापरतो. लिनक्सचा गोठण-पहारेकरी, म्हणजे एनएमआय वॉचडॉग, सामान्यतः एक काउंटर अडवून बसतो. अतिथीस मात्र आपला काउंटर कोणी घेतला याचा पत्ता नसतो. दर लिखाणास नियंत्रण हस्तांतरित होत असल्याने मापनाचाच भार कामावर पडतो, तो निराळा. यावर उपाय म्हणून २०२४ मध्ये इंटेल व गूगलच्या अभियंत्यांनी अतिथी चालू असेपर्यंत काउंटर थेट त्याच्याच हवाली करण्याची रचना प्रस्तावित केली.

सुरक्षेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. कॅशमधील चुकांची सूक्ष्म नोंद मिळाली, तर त्याच सर्व्हरवरील शेजारी यंत्राच्या हालचालींचा अंदाज बांधणे सुलभ होऊ शकते. मेमरी-नियंत्रकाजवळील काउंटर तर सर्व यंत्रांची एकत्रित बेरीज दाखवितात. ते एका ग्राहकास देणे म्हणजे दुसऱ्याची माहिती देणे होय. झेन प्रकल्पाने २०१५ मध्ये सुरक्षासूचना काढून आभासी काउंटरची सुविधा सुरक्षेच्या दृष्टीने असमर्थित ठरविली. तथापि सरसकट बंदी हा उपाय अतिरेकी वाटतो. त्याच झेनमध्ये २०१६ मध्ये ब्रेंडन ग्रेग यांनी दोन पर्याय जोडले. एकात केवळ चक्रे, संदर्भ-चक्रे व सूचना मोजता येतात, तर दुसऱ्यात वर उल्लेखिलेल्या सात घटना. २०१९ मध्ये केव्हीएममध्येही घटनांची गाळणी आली. कोणाच्याही गुप्ततेस फारसा धोका न पोहोचविता दर चक्रास किती सूचना पूर्ण झाल्या हे ग्राहकास सांगता येते, हे यावरून दिसते. लहान यंत्र घेणाऱ्यास एवढे तरी मिळावयास हरकत नसावी. प्रत्यक्षात काउंटर प्रथम मिळाले ते मोठ्या ग्राहकांना. २०१७ मध्ये ॲमेझॉनवर ते संपूर्ण सर्व्हर व्यापणाऱ्या यंत्रांपुरते उपलब्ध होते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा विषय शिकविण्यासाठी क्लाउडची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्स काउंटर अतिथीस देत नसल्याने ते येथे उपयोगी पडत नाही. साध्या लिनक्स संगणकावर केव्हीएम घेऊन यजमानाचाच प्रोसेसर अतिथीस दाखवावा. अतिथीत ‘पर्फ स्टॅट’ ही आज्ञा दिल्यावर चक्रे व सूचना या ओळींपुढे आकडे आले तर काउंटर पोहोचले आहेत. भाड्याच्या यंत्रावर हीच आज्ञा देऊन पाहावी. तेथे आकड्यांच्या जागी ‘नॉट सपोर्टेड’ असे उत्तर आले, तर पुरवठादाराने ते झाकून ठेवले आहेत असे बहुधा समजावे. आणि शासकीय विभागाने हा प्रश्न निविदेच्या टप्प्यावरच विचारावयास हवा.